पिंकीचं सिरप आणि समोरच्या चपला

देसाई डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर सतरा जोड चपला होत्या. माझ्या दाराशी दोन. त्यातला एक माझा.

गुजरातेत, उधन्यातल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्लीत आमचे दवाखाने समोरासमोर. गल्ली खान्देशी, मी खान्देशी, तरी लोक जायचे त्या गुजराती म्हाताऱ्याकडे. मी खिडकीतून चपला मोजायचो आणि जळायचो.

दुसरा जोड संगीताचा. कडेवर दीड वर्षाची पिंकी.

"पोर रातभर जपत नही, भाऊ," ती म्हणाली. आमच्या अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं. "देसाई डाक्टरनी औषधच दिधं नही. इचारतस, दिवसा घरमा कोन जपस! आमना ह्या म्हनतस, बाटली नही देस तो कसाना डाक्टर?"

मला तिचा नवरा फारच समंजस वाटला.

सर्दीचं एक सिरप असतं, त्याने पेंग येते. तो खरं तर साइड इफेक्ट. मी त्यालाच औषध करून टाकलं. "रात्री एक चमचा," रुबाबात सांगितलं. देसाईंकडे मिळालं नाही ते माझ्याकडे मिळालं, हा आनंद पिंकीच्या वजनापेक्षा मोठा होता. वजन मी केलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी संगीता पळत आली आणि सरळ समोर शिरली. पिंकीची मान तिच्या खांद्यावर लोंबत होती. मला आधी काय वाटलं ते सांगायची लाज वाटते : घाबरल्यावरही ही त्यांच्याकडेच का?

देसाईंनीच दारातून हाक मारली. "डॉक्टर, जल्दी आवो! आ बाटली तमारी?"

माझीच. तळाला गेलेली.

त्यांनी पिंकीला कुशीवर वळवलं, श्वास मोजले. "बेन, चमचा कितना बडा?"

संगीताने हाताने दाखवलं. वरण वाढायचा. सकाळी एक, रात्री एक. शिवाय दिवसा जायफळाची घुटी, ती तर आधीपासूनच.

"सकाळी कशाला?" मी ओरडलो.

"त्यासले नाइट पाळी," ती रडत म्हणाली. "दिवसा त्या जपतस. एकच खोली. पोर रडनी का उठतस."

म्हणजे झोप बापाला हवी होती. त्याच्यासाठी दिवसा निजवलेली पोर रात्री जागणारच. दिवसा घरात कोण झोपतं, हा देसाईंचा प्रश्न यासाठी होता.

पिंकीला रिक्षाने मोठ्या हॉस्पिटलात नेलं. वाटभर मी तिचे श्वास मोजत होतो. चपला मोजण्याची सवय कामी आली. संध्याकाळी पिंकीने डोळे उघडले, मला पाहिलं आणि भोकाड पसरलं. अचूक निदान.

तेव्हापासून पोर झोपत नाही म्हणून कुणी आलं, की आधी वजन करतो, घरातला चमचा मागवतो, आणखी काय पाजता ते विचारतो. दिवसा कोण झोपतं, हेही. बाटली बहुतेकदा लागतच नाही.

हे शिकायला महिनाभर सकाळी देसाईंकडे बसलो. त्यांच्या दाराशी अठरा जोड. अठरावा माझा. जळणं काही थांबलं नाही. फक्त जवळून जळू लागलो.