नागनाथरावांचे सोमवार

तिलक नगरातल्या शालनने चार वर्षांत सोळा सोमवारांचं व्रत तीनदा पुरं केलं होतं. गुरुवार, एकादश्या आणि चतुर्थ्या वेगळ्याच. बार्शीहून सासूबाईंचं पत्र आलं की एखादा उपास वाढायचा आणि खाली ठरलेली ओळ असायची, "खंड पडू देऊ नकोस." एवढं करून दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं आटोपलं. शालन मुलासाठी झुरत होती. मोती डुंगरीच्या गणपतीला जाताना वाटेत पाळण्यांचं दुकान लागतं, म्हणून ती लांबच्या रस्त्याने जायची.

तिचे यजमान नागनाथराव विमा कचेरीत अधिकारी. बदली होऊन छप्पन साली जयपूरला आले. माणूस भला, पण तोंडात तंबाखू आणि डोक्यात कचेरी. विमा उतरवायला आलेल्याचं वजन, आजार, व्यसनं यांची खडानखडा चौकशी केल्याशिवाय ते कुणाचा कागद पुढे सरकू देत नसत. घरात मात्र दिव्याखाली अंधार. बायको सगळ्यांमागून जेवते आणि तिच्या पानात काय उरतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

एकोणसाठच्या वैशाखात शालन नळावर हंड्यासकट कोसळली. शेजारणींनी तिला डॉक्टर मधुमतीबाईंकडे नेलं. बाई नागपूरच्या, फटकळ.

"असायला हवं त्याच्या निम्मंच रक्त आहे तुझ्या अंगात. महिन्यातले किती दिवस उपास करतेस?"

शालनने बोटं मोजली. बारा-तेरा भरले.

"वा! मुलासाठी उपास करतेस आणि मूल वाढवायला अंगात काही ठेवत नाहीस. आत्ता दिवस राहिले तर मूल जाईलच, कदाचित तूही जाशील. सहा महिने नीट जेव, गोळ्या घे, मग बघू. आणि नवऱ्यालाही आण. त्याचंही रक्त तपासायचंय. मूल काही एकट्या बाईचं नसतं."

मरणापेक्षा शालन घाबरली ती उपास मोडायला. आणि नागनाथराव तर उखडलेच. "मला काय धाड भरलीय? मी नाही येणार!"

शालन मॅट्रिक झालेली होती. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या पिशवीतून विम्याचे दोन कोरे अर्ज काढले आणि दुपारभर बसून भरले. नावाची जागा तेवढी रिकामी ठेवली. संध्याकाळी चहाबरोबर ते पुढे सरकवत म्हणाली, "साहेब, निकाल द्या."

नागनाथरावांनी सवयीने चष्मा चढवला. "बाई, वय सव्वीस, वजन एकोणऐंशी पौंड? मागचे आजार, दोनदा गर्भपात. अगं, ही उभी तरी कशी राहते? स्थगित, सहा महिने." तसं लिहूनही टाकलं. "आणि हा पुरुष. चौतिसाव्या वर्षी एवढं पोट! तंबाखू दिवसातून दहा वेळा, तपासणी कधीच नाही. हाही स्थगित. कोण हे अडाणी? नावं कुठायत?"

"एक मी, दुसरे तुम्ही."

त्यांचा चहा कपातच निवला. तंबाखूची डबी खिडकीबाहेर गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती गुपचूप शोधून आणली, हे खरं; पण तिसऱ्या दिवशी गेली ती कायमची. दवाखान्यातही गेले, सुई बघून डोळे मिटले, आणि परत येताना म्हणाले, "उपास तुला मोडवत नाहीत ना? मग दे इकडे. व्रत दोघांचं आहे. आजवर तू केलंस, आता मी करतो."

तेव्हापासून सोमवारी साहेब पाण्यावर आणि शालनपुढे बाजरीची भाकरी, चाकवताची भाजी, गूळ-शेंगदाणे. गुरुवार, एकादशी, चतुर्थीलाही तेच. बाकीचे दिवस दोघं एकाच वेळी पानावर बसत. दूध दुप्पट झालं तसा दूधवाला विचारू लागला, "बाईसा, मेहमान आए हैं क्या?"

"आनेवाले हैं, भैया," शालन म्हणायची. हे म्हणायची छाती तिला कुठून आली, तिचं तिलाच कळत नसे.

या नव्या नेमाच्या पाचव्या महिन्यात सासूबाई न कळवता आल्या, आणि आल्या त्या नेमक्या सोमवारी. मुलगा पोटाशी हात धरून बसलेला, सून भाकरी खातेय! "सोमवार मोडलास?" त्या कडाडल्या.

पूर्वीची शालन पान सारून उठली असती. आज तिने पुढचा घास मोडला. "खंड पडलेला नाही, आई. उपास हे करताहेत. मी तुमच्या नातवंडासाठी जेवतेय."

दोन दिवस सासूबाईंनी आपलं पान वेगळं मांडलं. तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याचे लाडू वळताना दिसल्या.

कार्तिकात शालनचं वजन शंभर पौंड भरलं. मधुमतीबाई म्हणाल्या, "आता खुशाल." नागनाथरावांनी दोन्ही अर्ज काढले, 'स्थगित'वर काट मारली आणि 'मंजूर' लिहून झोकात सही ठोकली.

पुढच्या वर्षी दसरा-दिवाळीच्या मध्ये मुलगी झाली. सव्वासात पौंडांची, आणि गल्ली दणाणून सोडणारी. शालन रडली, हसली, पुन्हा रडली. इतक्या वर्षांचं सगळं दुःख त्या पोरीने एका आरोळीत पळवून लावलं.

बारशाला घर माणसांनी भरलं. रिवाजाप्रमाणे पुरुषांची पंगत आधी बसू लागली, तोच स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "थांबा! आधी शालनचं पान मांडा. आणि नागनाथाला कुणी वाढू नका रे, आज त्याचा सोमवार आहे."