निळ्या पिनेची केबल

कळमनुरीत आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. पत्रिका मी कॉम्प्युटरवर जुळवते, छपाई नवरा बघतो. गेल्या सराईत माझ्या स्क्रीनवरची अक्षरं धुरकट व्हायला लागली. मी एकेक नाव मोठं करून कसंबसं भागवत होते. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बिघाड डोळ्यांच्या आतच आहे, चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही. डोळे गेले तर काम गेलं, आणि दुसरं मला काही येत नाही. घरी येऊन मी सगळा राग मॉनिटरवर काढला.

तशी सोयच होती. मॉनिटर जुन्या, निळ्या पिनेच्या व्हीजीए केबलने जोडलेला होता. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, ही अ‍ॅनालॉग. हिच्यावर अक्षरं जरा फुटतेतच. डिजिटल लावा, एचडीएमआय." इतकं गोड वाक्य मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. म्हणजे ही मेली केबलच खोटी! डॉक्टरांना काय कळतंय, असंही मी शेजारणीला सांगून मोकळी झाले.

दुरुस्तीवाल्याने दोन्ही केबली लावून दिल्या. मॉनिटरचं बटण दाबलं की कधी ही चालू, कधी ती. समोर एक पत्रिका उघडी होती. नवऱ्याने बटण दाबून नवी केबल चालू केली आणि दोन पावलं मागे सरला.

"आता कसं लख्ख दिसून राहिलं!" म्हणत त्याने उभ्याउभ्याच अगदी तळाची बारीक ओळ वाचली, लेकरांच्या नावाने घालतात ती. "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!"

मी स्क्रीनला नाक लावून बसले होते. मला तिथे नुसती करडी रेघ दिसत होती.

त्याने पुन्हा बटण दाबलं. "ह्ये बरं का त्ये?"

डॉक्टरांनी भिंगं बदलताना हेच विचारलं होतं. तेव्हाही दोन्ही सारखंच दिसत होतं. आता दोष द्यायलासुद्धा काही उरलं नव्हतं.

"सांग ना, हाय का फरक?"

"लई फरक हाय," मी म्हणाले.

तो खूश होऊन मशीनकडे गेला. मी मॉनिटरमागे हात घालून नवी केबल उपटली आणि निळीचे दोन्ही स्क्रू चाचपडत घट्ट पिळले.

संध्याकाळी एका गिऱ्हाईकाने विचारलं, "ताई, इतक्या जवळून काहून बघता?"

"केबल जुनी हाय," मी म्हणाले.