कवटीच्या डब्यातली साखर

माझी वहिनी कुणाच्या बापाला भीत नाही, असं आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचं ठाम मत आहे. पाण्याच्या मोटरवरून तिने सेक्रेटरीला जिन्यात गाठून जे काही सुनावलं होतं, ते ऐकायला वरच्या मजल्यावरची माणसं कठड्यावरून वाकली होती. पण ही मंडळी आमच्या स्वयंपाकघरात राहत नाहीत. मी राहते. महिना अर्ध्यावर आला की ही बाई डब्यांची झाकणं उघडून आत डोकावायला लागते, आणि तेव्हा तिचा चेहरा असा होतो की बघणाऱ्यालाच धडकी भरावी. मी तिची नणंद. तिच्या तोंडावर मी तिची पुष्कळ टिंगल केली आहे. मनातून मात्र मीही धास्तावलेलीच असायचे.

तसे आम्ही खाऊनपिऊन बरे आहोत. दादा, म्हणजे माझा भाऊ, मालाची गाडी चालवतो आणि महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असतो. वहिनी दुपारी लॉन्ड्रीत इस्त्रीला जाते, मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते. घरात खाणारी तोंडं चार, त्यातलं सगळ्यात लहान म्हणजे दादाची मुलगी भिंगरी. ती नुकतीच शाळेत जायला लागली आहे. पगार झाला की किराण्याचे पैसे वहिनी आधी बाजूला काढते, आणि एकदा काढले की तो आकडा म्हणजे दगडावरची रेघ. भाव वाढले म्हणून ती तो नाइलाजाने वाढवेल. आमची भूक वाढली म्हणून कधीच नाही.

या भीतीमागचं कारण तिने मला एकदाच सांगितलं, कपड्यांच्या घड्या घालता घालता. ती लहान असताना त्यांच्या घरी महिना संपायच्या आधी सामान संपायचं. मग तिची आई तिला आणि तिच्या भावाला जेवणाच्या वेळेला एखाद्या नातेवाइकाकडे ‘सहज’ पाठवायची. दार उघडायचं, आणि उघडणाऱ्या माणसाचा चेहरा क्षणभर पडायचा. मग तो हसून म्हणायचा, या या, बसा. “तो जो मधला चेहरा असतो ना,” वहिनी म्हणाली, “तो माझ्या मुलीने बघायचा नाही. बास.” एवढं बोलून ती उशांचे अभ्रे घेऊन उठून गेली.

म्हणून तिने एक युक्ती काढली. महिन्याचं सामान आलं की ती त्याचे दोन भाग करते. पहिल्या पंधरवड्याचं सामान काचेच्या बरण्यांत, सगळ्यांना दिसेल असं. उरलेलं कुणाला सापडणार नाही अशा जागी. तिचं म्हणणं असं, की डोळ्यांना दिसतं तेवढं माणूस संपवतो. त्यामुळे आमच्याकडे चहाची पूड शिवणाच्या डब्यात असते, डाळ कपडे धुण्याच्या पावडरीच्या खोक्यात असते, आणि एकदा दादाने पायाला चोळायला म्हणून तेलाची बाटली उघडली तर आत मध निघाला. दादाने तोही चाटून संपवला, हे वेगळं सांगायला नको. माझा भाऊ गोडाचा किडा आहे. चहात त्याला इतकी साखर लागते की चमचा उभा राहील. त्यामुळे साखर लपवणं हे वहिनीचं सगळ्यात अवघड काम होतं.

त्यावर तिला तोडगा सापडला तो उंदराच्या औषधाच्या डब्याचा. पत्र्याचा मोठा पिवळा डबा, त्यावर लाल कवटी आणि खाली हाडांची फुली. औषध आत बंद पुड्यांत येतं, डब्याला ते लागतही नाही, असं ती म्हणायची. पुड्या तिने जुन्या घरीच वापरून टाकल्या होत्या. डबा गरम पाण्याने धुतला, उन्हात वाळवला आणि त्यात साखर भरली. दादाने तो स्वयंपाकघरात बघितला आणि आरडाओरडा केला. “लहान पोर आहे घरात! अक्कल गहाण टाकलीस का?” वहिनीने निमूटपणे डबा सगळ्यात वरच्या फळीवर सरकवला. त्यामुळे साखर आणखीच सुरक्षित झाली.

“वहिनी, हे मात्र बरं नाही,” मी म्हटलं होतं.

“महिनाअखेरीला बिनसाखरेचा चहा प्यायचा असेल तर सांग, आत्ता उतरवते,” ती म्हणाली. मला बिनसाखरेचा चहा चालत नाही.

भिंगरीच्या नजरेतून मात्र काही सुटत नाही. एके दिवशी स्टुलावर चढून बरणीत साखर भरणाऱ्या आईला तिने पकडलं. आता तरी डबा बदलायचा की नाही? पण वहिनीने चिमूटभर साखर तिच्या तळहातावर ठेवली आणि तिला आपल्या कटात सामील करून घेतलं. “बाबांना सांगायचं नाही. आणि एवढीच घ्यायची. महिना जायचाय अजून.” पोरगी खूश. तेव्हापासून आई आणि मुलगी त्या डब्याकडे बघून एकमेकींना डोळे मिचकावायच्या. भिंगरी कधी चोरून खायची नाही, मागून घ्यायची, आणि दिली त्याहून जास्त मागायची नाही. या वयाच्या मुलीला इतकं शहाणपण असावं याचं आम्हाला कौतुक होतं.

आमच्या खाली, तळमजल्यावर, टेलरआजोबांचं दुकान आहे. शाळा सुटली की भिंगरी तिथे बसते. मी कामावरून येते आणि तिला वर घेऊन जाते. आजोबा प्रेमळ, पण त्यांच्या दुकानात उंदरांनी उच्छाद मांडला होता. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाहीच कुरतडून टाकली. एकदा दादाची पँट उंची कमी करून द्यायला ते वर आले, पाणी मागितलं, आणि पाणी पिताना त्यांची नजर वरच्या फळीवर गेली.

“अच्छा! म्हणून तुमच्याकडे एकही उंदीर नाही. चांगलं आहे का हो हे औषध?”

मी वहिनीकडे बघितलं. वहिनीने माझ्याकडे बघितलं. हा डबा साखरेचा आहे, हे सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार, आणि आजोबांच्या दुकानात रोज बिल्डिंगमधली अर्धी माणसं बसतात.

“हो, चांगलं आहे,” वहिनी म्हणाली. “वाससुद्धा येत नाही.”

ते खाली गेले तेव्हा मी तोंडात पदर कोंबून हसत होते. वहिनी हसली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी कामावरून आले, भिंगरीला घेतलं, वर आलो. दादा बाहेरगावी होता, वहिनी लॉन्ड्रीत. मी पाव कापत होते. भिंगरी ओट्याला टेकून उभी होती आणि पाय हलवत होती.

“आत्या, टेलरआजोबांची साखर गुलाबी का असते?”

मला आधी काही कळलंच नाही. मी म्हटलं, “कसली साखर?”

“त्यांच्या कवटीच्या डब्यातली. आपली छान असते. त्यांची कडू आहे.”

सुरी माझ्या हातातून पडली. ती कुठे पडली हेही मी बघितलं नाही. मी तिचं तोंड धरून उघडलं. जिभेवर गुलाबी डाग होता. मी तिला कडेवर उचललं, चांगली जड आहे ती आता, आणि जिन्याच्या पायऱ्या कशा उतरले ते मला आजही आठवत नाही.

आजोबांच्या टेबलाखाली, कापडाच्या चिंध्यांच्या टोपलीजवळ, आमच्यासारखाच पिवळा डबा, नवा आणलेला. आजोबांनी पुड्या फोडून सगळं औषध आत ओतून ठेवलं होतं, रोज थोडं थोडं कोपऱ्यात टाकायला. झाकण नीट लागलं नव्हतं. “हिने खाल्लं,” मी म्हटलं. आजोबा मशीनवरून उठायला गेले आणि पुन्हा बसले. “अहो, कवटी आहे त्याच्यावर,” ते म्हणत राहिले. “कवटी आहे. कवटी बघून मूल हात लावत नाही.” त्यांना काय सांगणार? आमच्या घरचं मूल कवटी बघूनच हात लावतं.

डबा काखेत मारला आणि टॅक्सी केली. टॅक्सीतून वहिनीला फोन लावला, पण काय बोलले कुणास ठाऊक. मी एका हाताने भिंगरीला घट्ट धरून ठेवलं होतं, जणू धरून ठेवलं की आतलं औषध पुढे जाणार नाही. ती बिचारी खिडकीतून गाड्या बघत होती. मध्येच म्हणाली, “आत्या, तू थरथरतेस.” मी म्हटलं, थंडी वाजते.

हॉस्पिटलमध्ये आम्हाला लगेच आत घेतलं. डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, पण शांत. त्यांनी डब्यावरचं वाचलं, भिंगरीचे डोळे बघितले, पोट दाबून बघितलं. तेवढ्यात वहिनी धावत आली. तिच्या हातात कुणाचा तरी पांढरा शर्ट तसाच होता, अर्धा इस्त्री केलेला. ती काही विचारायच्या आधीच तिची नजर टेबलावरच्या पिवळ्या डब्यावर गेली. तिला काही सांगावं लागलं नाही. ती भिंतीला टेकली आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं. मी तिला इतकी वर्षं ओळखते. झाकणं उघडून बघतानासुद्धा ती अशी दिसली नव्हती.

“किती खाल्लं, ते मला नीट कळायला हवं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “त्यावर पुढचं सगळं ठरतं. बाळ, किती खाल्लंस?”

भिंगरीने आईकडे बघितलं. “नाही खाल्ली.”

“अगं, आत्ता मला म्हणालीस ना?” मी म्हटलं.

पुन्हा आईकडे बघितलं. “एकच दाणा.”

“खरं सांग!” वहिनीचा आवाज चढला. भीतीने चढला होता, पण मुलाला त्यातलं काय कळतं? “किती घेतलीस? खरं सांग, नाहीतर बघ!” भिंगरीने खांदे आक्रसले, ओठ घट्ट मिटले आणि डोळे आपल्या बुटांवर लावले. ती आता काही बोलणार नव्हती. जिने जास्तीची साखर कधी मागितली नाही ती पोर, आईसमोर जास्तीची साखर खाल्ली असं कबूल कसं करणार?

मला एकदम उमगलं. “वहिनी, तू बाहेर जा.”

“मी? मी तिची आई आहे.”

“म्हणूनच. जा.”

मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार. पण तिने मुलीकडे एकदा बघितलं, आणि मागे मागे सरत दाराबाहेर गेली. डॉक्टरबाईंनी दार लोटलं.

मी भिंगरीजवळ वाकले. तिने माझ्या कानाला तोंड लावलं. “मूठभर घेतली होती. पण सगळी नाही खाल्ली, आत्या. अर्धी परत टाकली.”

“कडू लागली म्हणून?”

“नाही. महिना जायचाय ना अजून. आजोबांना पण पुरायला हवी.”

मी डॉक्टरबाईंना सांगितलं. शेवटचं वाक्य नाही सांगितलं, ते सांगता आलं नाही. त्यांनी मग भराभर हालचाल केली. काळं कसलंसं औषध पाजलं, ते तिने नाक मुरडत गिळलं. रक्त काढलं, सुई टोचली, तेव्हा मात्र ती रडली. मग वाट बघणं आलं. मी काचेतून बाहेर बघत होते. वहिनी बाकावर बसून तो शर्ट मांडीवर घेऊन घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. माझ्या मनात नको ते विचार येत होते आणि ते घालवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. दादाला फोन करून काय सांगायचं, याचा तर मी विचारच करत नव्हते.

बऱ्याच वेळाने डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या. “रक्त ठीक आहे. लवकर आणलंत, आणि खाल्लंयही कमी. काही दिवस लक्ष ठेवावं लागेल, गोळ्या द्याव्या लागतील, पुन्हा तपासू. पण मुलगी धोक्याबाहेर आहे.” मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी नुसतीच मान हलवली आणि बाहेर धावले.

“बरी आहे,” मी म्हटलं. “वहिनी, ऐकलंस का? बरी आहे ती.”

वहिनीने शर्टात तोंड खुपसलं. तिची पाठ हलत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तिने डोकं वर केलं. “कमी कसं खाल्लं?” ती म्हणाली. “मूल आहे ते. साखर समजून खात होती ना? मग कमी कसं खाल्लं?”

मला खोटं बोलता आलं असतं. बोलले नाही. भिंगरी जे बोलली ते मी शब्दाला शब्द सांगितलं, आजोबांच्या महिन्यासकट.

वहिनीने तो शर्ट गुंडाळून बाकावर ठेवला. मग तिने मला विचारलं, आणि विचारतानाचा तिचा आवाज मी याआधी कधी ऐकला नव्हता, “मी आत आलेलं चालेल का तिला? जरा विचारून ये.”

मी आत गेले. भिंगरी पलंगावर बसून मनगटावरची पट्टी उकलायचा प्रयत्न करत होती.

“आई यायचं म्हणतेय. येऊ दे?”

तिने दाराकडे बघितलं. “रागावलीये?”

“नाही गं. घाबरलीये.”

भिंगरीने जरा विचार केला. “खूप?”

“खूप.”

“मग लवकर बोलाव,” ती म्हणाली, आणि पलंगावर सरकून आईला जागा केली.