दोन टोकांचा हार

आमच्या घरमालक नानांनी आयुष्यात कधी फुलाचा वास घेतला नाही. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू ढिगानं पिकायचा, पण आम्ही भाडेकरूंच्या पोरांनी फूल नाकाशी नेलं की नाना तिथूनच ओरडायचे, वास घेतलेलं फूल हारात चालत नाय. नाक खाजवायचीसुद्धा चोरी!

हार मात्र बघत राहावा असा. विधानसभेच्या निकालाच्या आदल्या दिवशी पडवीत एका टोकाला नाना आणि दुसऱ्या टोकाला त्यांचा धाकटा भाऊ विष्णू बसायचा. दोघं दोन्हीकडून ओवत यायचे आणि मधोमध शेवटची गाठ मारायचे. हार साहेबांसाठी. साहेब म्हणजे जुन्या पक्षाचे आमचे आमदार. ते येणारच, निकालाची वाट कशाला बघायची, असं नानांचं म्हणणं.

नव्वदनंतर वारं फिरलं. धरणाचं पाणी शहराकडे वळलं, पाट कोरडा पडला आणि साहेब नुसतंच 'बघतो' म्हणत राहिले. एकदा दुसऱ्यांना संधी देऊ, असं लोक उघड बोलायला लागले. त्या निवडणुकीत निकालाच्या आदल्या दिवशी विष्णू पडवीत आला तो उभाच राहिला.

"दादा, मी मत तिकडं दिलंय. आता या हाराला हात लावणं बरं नाय."

नानांनी वर पाहिलं नाही. दोन्ही टोकं एकट्यानंच ओवली.

साहेब पडले. जिंकलेल्यांना ऐनवेळी हार मिळेना, म्हणून विष्णू तोच मागायला आला. नानांनी त्याच्यादेखत हार गाईपुढे टाकला. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. विहीर एकच, पण मोटर कुणी कधी लावायची याचे निरोप माझ्या आईमार्फत. साहेबांपायी सख्खा भाऊ तोडू नका, असं आई किती वेळा म्हणाली. पण नाना कसले ऐकतात!

पाणी दुसऱ्यांच्या राज्यातही आलं नाही. तेच सांगायला विष्णू एकदा बांधापर्यंत आला होता. त्याला येताना पाहून नाना घरात निघून गेले. पुढच्या थंडीत छातीत कळ येऊन विष्णू गेला. भावाच्या तिरडीपाशी नाना त्याचा हात धरून बसले. बोलायचं होतं तेव्हा बोलले नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या निवडणुकीत साहेब दारात आले ते गळ्यात त्यांना पाडणाऱ्या पक्षाचाच रुमाल घालून. तिकीट तिकडून मिळालं होतं. हसत म्हणाले, नाना, हार तयार ठेवा. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली.

नाना पुढ्यातली फुलं निवडत होते. शांतपणे म्हणाले, "दुसऱ्या टोकाला कोण बसंल साहेब? विष्णू तुमच्याच पक्षाचा होता."

कोण विष्णू, हे साहेबांना आठवेना. मान हलवून ते पुढच्या घराकडे गेले. नानांनी ढिगातलं एक फूल उचललं, नाकाशी धरलं आणि तसेच रडत बसले.