मोठ्या बाबांच्या गाठीतली प्रथिने

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचे धाडस करतो आहे, माफ करा.

मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्या आतड्याचा कॅन्सर औषधाला जुमानेना. कारण कळावे म्हणून गाठीचा तुकडा आमच्या प्रयोगशाळेत आला. त्यातली प्रथिने मी औषध लागू पडलेल्या रोग्यांच्या प्रथिनांशी ताडून पाहत होतो.

सुट्टीत गावी मेहकरला गेलो, तर मोठे बाबा म्हणाले, "गाठ तुह्यापाशी हाये ना बे? मंग तिलेच दवा पाज, मले काऊन पाजता?"

"यातून तुमाले दवा नाही भेटणार. पुढच्या रोग्यायले भेटंल."

"मंग त्यायच्यासाठी लवकर कर."

परतल्यावर सगळ्यांची प्रथिने जेलच्या पातळ थरात वेगळी करून त्यांना रंग दिला, तेव्हा त्यांच्या प्रथिनांत एक गडद निळी पट्टी उमटली. इतरांत ती नव्हती. औषध न लागण्याचे कारण बहुधा हेच, तरी मला काहीच वाटले नाही. वळलो, तर प्रयोगशाळेच्या दारात गावाहून आलेला चुलतभाऊ उभा होता.

"मोठे बाबा गेले," तो म्हणाला. "माती काल झाली."