मास्तरांचा शेवटचा गठ्ठा

समजा, साखरेच्या डब्याला टेकवून मोबाईल तुमच्यासमोर उभा केलाय. पलीकडं कॅनडात बसलेली एक समुपदेशक बाई आहे. तिला तुम्ही पूर्वी कधी पाहिलेलं नाही, आणि तिलाच मनातलं सांगायचंय. पहिली भेट फुकट. पुढच्या भेटींचे पैसे भरायचे की नाही, ते यावरून ठरणार. कुठून सुरुवात कराल?

रशीदाबींनी नाश्त्यापासून केली.

सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या गल्लीत त्या शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या. नवरा इलाहीबक्ष कापड कापायचे. गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. कापलेल्या शर्टांचा गठ्ठा मास्तर चिंधीनं बांधून बायकोच्या मशीनजवळ ठेवायचे. गाठ त्यांनी बांधायची, यांनी सोडायची, असं लग्नापासून चाललेलं. गेल्या उन्हाळ्यात ऐन सीझनच्या तोंडावर मास्तर गेले. शेवटचा गठ्ठा बांधलेलाच राहिला. नवऱ्यामागं घरात बसायचे इद्दतचे महिने संपले, तरी रशीदाबी मशीनवर बसल्या नाहीत. काम देणाऱ्या दुकानदारानं शर्ट दुसरीकडून करून घेतले. गठ्ठ्याबद्दल त्यानं विचारलं नाही, घरातही कुणी विचारलं नाही. सगळे त्याला वळसा घालून जायचे.

लेक आयेशा पुण्यात कंपनीत आहे. रविवारी घरी येऊन तिनं ही भेट जुळवली. समुपदेशक बाई मूळच्या हैदराबादच्या, दोघींची बोली दखनी, त्यामुळं भाषेची अडचण नव्हती. अडचण निराळीच झाली. रशीदाबींनी नवी ओढणी घेतली, मोबाईलपुढं बिस्किटांची बशी मांडली आणि तिकडं सकाळ आहे कळल्यावर विचारलं, "नाश्ता झाला का?" मग मुलं किती, थंडी सोसते का, सासू जवळ असते का. आलेल्या पाहुण्याला एकदम आपलं रडगाणं कसं ऐकवायचं?

"अम्मी, तपासणी तुझी आहे की त्यांची?" आयेशा दाराआडून कुजबुजली.

वेळ संपत आली तेव्हा बाईंनी विचारलं, "तुमच्या मागं ते बांधून ठेवलेलं काय आहे?"

रशीदाबींनी वळून पाहिलं. "काम आहे," एवढंच म्हणाल्या. बाईंनी घाई केली नाही. भेट तशीच संपली.

"पैसे मी भरते," आयेशा म्हणाली.

तेवढ्यात नणंद झीनत खिम्याचा डबा घेऊन आली. सगळं ऐकून कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "परदेशात पैसे पाठवून बोलायचं? मी मेले काय गं भाभी? मला सांग की. फुकट ऐकते, वर जेवण आणते."

"तुला सांगितलं की तू रडतेस. मग मीच उठून तुला पाणी देते."

झीनत हसली, आणि खरंच तिचे डोळे भरले. गेला तो तिचाही भाऊच होता. रशीदाबी सवयीनं उठल्या. माठातून पेला भरताना त्यांच्या मनात आलं, त्या कॅनडाच्या बाईला पाणी नेऊन द्यावं लागलं नव्हतं.

"बोलीन मी तिच्याशी," परत येऊन त्या म्हणाल्या. "पण लेकीच्या पैशानं नको. माझ्या शिलाईच्या."

"अम्मी! शिलाईला बसवत नाही म्हणून तर बोलायचंय ना!"

"हौ," रशीदाबी म्हणाल्या. बोललेलं मागं घेणाऱ्यातल्या त्या नव्हेत.

झीनतनं कुर्त्याचं कापड कधीचं देऊन ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी रशीदाबींनी मास्तरांची जड कात्री उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः कापड कापलं. गठ्ठा जरा बाजूला सरकवला आणि मशीनवर बसल्या. कुर्ता झाला, एक बाही तेवढी आखूड झाली.

"भाभी, माझा एक हात झिजला काय गं?" झीनत आरशापुढं ओरडली. शिलाई मात्र तिनं पुरी दिली.

असे आणखी बरेच कुर्ते झाले, तेव्हा कुठं एका भेटीची फी जमली. बाह्याही आता सारख्या येतात. गठ्ठा अजून तसाच आहे.

येत्या भेटीत नाश्त्याची चौकशी करायची नाही, असं आयेशानं बजावलंय. रशीदाबींना तरी कुठं करायचीय? त्यांना एकच विचारायचंय: ती गाठ मी सोडली, तर मास्तरांचं काम पुरं होईल, की घरात उरलेत तेवढे मास्तरही जातील?