हिमनदीच्या गावाचा खर्च

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची चौतीस वर्षं गेली. सगळे त्याला तारवाले काका म्हणत. लिफ्टच्या दोरखंडातली एक तार जरी तुटलेली दिसली, तरी तो लिफ्ट बंद करून मोकळा व्हायचा. मग इमारतीचा मालक कितीही आदळआपट करो. "उद्या खाली आली तर मला विचारू नका," एवढंच तो म्हणे.

असा हा माणूस निवृत्त झाला आणि सहलीच्या खर्चाचा कागद घेऊन बसला. बायकोला हिमनदी बघायची होती. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुता धुता तिने भिंतीवरचं निळ्या बर्फाचं चित्र वीस वर्षं पाहिलं होतं. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं.

गाव डोंगरात फार आत. जायला एकच रस्ता, राहायला तीन हॉटेलं, आणि तिन्हींचे दर अव्वाच्या सव्वा. खोलीतला हीटरसुद्धा तासाच्या भावाने. प्रवास कंपनीतल्या मुलीने कागदावर शेवटी आणखी एक ओळ लिहिली होती: हेलिकॉप्टरचा विमा.

"रस्ता बंद झाला आणि कोणी आजारी पडलं, तर दुसरी वाट नाही, काका."

त्याने तीनदा बेरीज केली. काही केल्या जमेना. चौथ्यांदा त्याने त्या ओळीवर काट मारली. बायकोला बोलला नाही.

ती तर खुशीत होती. "अहो, डॉक्टरांकडे जाऊन आले. खुशाल जा म्हणाले," असं सांगून तिने बर्फात चालायचे नवे बूट दाखवले. जिना चढताना ती हल्ली दोनदा थांबते, हे त्याने पाहिलं होतं. पण डॉक्टरच हो म्हणाले म्हटल्यावर त्याने तो विषय मनातून काढून टाकला.

पहिला दिवस सुखात गेला. हिमनदी समोर पसरली होती. चित्रातल्यापेक्षा मळकट, पण अफाट. मधूनच बर्फाच्या आतून कडाड् असा आवाज येई. तो आला की हॉटेलवाला हातातलं काम थांबवून रस्त्याकडे बघे. "यंदा ऊन फार आहे," तो पुटपुटे, आणि पुन्हा कामाला लागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरड कोसळली. रस्ता गेला. दुपारी बायकोला दम लागला तो थांबेचना. ओठ निळसर पडले.

गावच्या दवाखान्यात एक नर्स होती आणि ऑक्सिजनचे दोन सिलिंडर. तिने मास्क चढवला, छाती तपासली आणि विचारलं, "विमा आहे ना? हेलिकॉप्टर बोलावते."

त्याची मान वर होईना. "नाही. पैसे भरतो. किती?"

नर्सने आकडा सांगितला. राहतं घर विकलं असतं तरी पैसे जेमतेम पुरले असते.

तो खाटेशी बसला. "अगं," तो म्हणाला, "विम्याची ओळ मीच खोडली. तुला न विचारता."

तिने मास्क बाजूला केला. "मी तरी कुठे गेले होते डॉक्टरांकडे? जाऊ नका म्हणाले असते. त्या पैशांचे बूट घेतले."

नर्सने मास्क परत दाबून बसवला. "बोलू नका. हवा मोजकी आहे."

दुसरा सिलिंडर लावला तेव्हापासून त्याने काट्यावरची नजर हलवली नाही. काटा लाल पट्ट्यात शिरला आणि तासाभराने बातमी आली की रस्त्याची एक बाजू मोकळी झाली आहे. तिला घेऊन हॉटेलची व्हॅन लटकत्या दगडांखालून रांगत निघाली. चालकाने कोणालाही बोलू दिलं नाही.

बायको वाचली. फुप्फुसं मात्र पहिल्यासारखी झाली नाहीत. आता पलंगाशेजारी हवेचं यंत्र दिवसरात्र घरघरतं. त्याचा सूर जरा बदलला, की काकांचा घास हातातच राहतो.